चुळबुळ्या मुलाची आई आमच्या कथेत कुठे आहे?

मराठी साहित्यात खोडकर मुलांची वाण नाही. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आहे, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे आहे, साने गुरुजींचा श्याम आहे, प्रकाश नारायण संतांचा आपल्याच तंद्रीत हरवलेला लंपन आहे. अनुवादातून जपानची तोत्तोचान आली आणि तीही आपलीच झाली. या मुलांवर वाचकांच्या पिढ्यांनी जीव लावला. मात्र या सगळ्या पुस्तकांत एक बाई आम्हांला कुठे सापडत नाही. मुलाच्या वर्गशिक्षिकेने जिला तिसऱ्यांदा शाळेत बोलावून घेतले आहे, सासूला, शेजारणींना आणि नवऱ्याला उत्तरे देऊन जी थकली आहे आणि शेवटी पाच-सहा वर्षांच्या मुलाचा हात धरून डॉक्टरांच्या दारात जी विचारते आहे की माझ्या मुलाला नेमके काय झाले आहे, ती ही बाई. ती मोहल्ल्यात आहे, दवाखान्याच्या बाकावर आहे, पण कथेत नाही. ती का नाही आणि ती यायची तर तिच्याबद्दल लेखकाला काय ठाऊक असायला हवे, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

आरंभीच एक खुलासा. एडीएचडी, म्हणजे अवधान टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता, हे नाव आम्ही कोणत्याही पुस्तकातल्या मुलाला चिकटवणार नाही. गोट्याला किंवा लंपनला तपासायला बसणे हे समीक्षेचे काम नव्हे. समीक्षेचे काम आहे ते पुस्तकाने मुलाकडे कोणत्या नजरेने पाहिले आणि त्या नजरेत आई-वडिलांना कोणती जागा दिली हे तपासण्याचे.

अशा मुलाचे सर्वांत प्रसिद्ध जुने चित्र जर्मनीतले आहे. फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिख हॉफमन यांनी आपल्या लहान मुलासाठी चित्रे काढून पद्ये लिहिली. त्यांचे ‘स्ट्रुवेलपीटर’ हे पुस्तक १८४५ साली निघाले आणि पुढच्या आवृत्त्यांत वाढत गेले. त्यात फिलिप नावाचा मुलगा आहे. जेवणाच्या टेबलाशी तो स्वस्थ बसत नाही, खुर्ची मागेपुढे झुलवतो, तोल जाताना टेबलावरची चादर पकडतो आणि ताटे, भांडी, जेवण सगळे जमिनीवर येते. वडील रागावतात, आई मुकाट्याने पाहत राहते. जर्मन भाषेत आजही अतिचंचलतेला बोलीत या फिलिपचे नाव दिले जाते. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या या चित्रात जे बसवले गेले ते पुढे फारसे हलले नाही. मूल दोषी, बाप संतप्त आणि आई मुकी. हॉफमन स्वतः डॉक्टर असूनही त्यांनी धडा दिला तो शिस्तीचा.

वैद्यकशास्त्रानेही सुरुवात नीतीपासूनच केली. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी व्याख्याने दिली. त्यांच्या मते या मुलांत नैतिक नियंत्रणाची उणीव होती, मात्र ती बुद्धीच्या उणिवेमुळे किंवा केवळ वाईट वळणामुळे आलेली नव्हती. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना असे दिसले की उत्तेजक औषधाने अशी काही मुले उलट शांत होऊन अभ्यासाला बसतात. पुढे नावे बदलत गेली. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९६८ साली ही बालवयातली अतिचंचल प्रतिक्रिया होती, १९८० साली भर अवधानावर आला आणि १९८७ साली आज रूढ असलेले नाव पडले. नीतीपासून चंचलतेकडे आणि चंचलतेपासून अवधानाकडे हा प्रवास शास्त्राने केला. आमच्या घरांनी आणि आमच्या पुस्तकांनी तो केला का, हा आमचा प्रश्न आहे.

मराठी पुस्तकांनी फिलिपसारखी शिक्षा केली नाही, हे त्यांचे मोठेपण. गोट्याचा उपद्व्याप शेवटी कुणाच्या तरी भल्यासाठी होतो. फास्टर फेणेची अस्वस्थता सायकलवर स्वार होऊन चोर पकडते. परंतु या मायेलाही एक किंमत आहे. येथे चंचलता नेहमी हुशारीचे दुसरे नाव असते. जो मुलगा सायकल घेऊन चोर पकडत नाही, नुसताच भिंतीवर चढतो, वहीतले अर्धे वाक्य सोडून उठतो, आपली पाळी येण्याआधीच बोलतो आणि त्यामुळे ज्याला कुणी खेळायला घेत नाही, त्याला या पुस्तकांत जागा नाही. असे खरे मूल घरात असलेल्या आईला गोट्या वाचून हसू येईल, धीर येईलच असे नाही.

‘श्यामची आई’ हा आणखी नाजूक विषय. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाने महाराष्ट्राला आईची मूर्ती दिली आणि मुस्लिम घरांतही ते शाळेच्या वाटेने पोहोचले. मुलाला घडवते ती आई, हा त्याचा गाभा. आमच्या बोलीत यालाच तरबियत म्हणतात. या विचाराचे सौंदर्य आम्ही नाकारत नाही, पण त्याची मागची बाजूही पाहिली पाहिजे. मूल चांगले निघाले तर ते आईचे संस्कार असतील, तर मूल स्वस्थ बसत नाही तेव्हा तो आईचाच गुन्हा ठरतो. ‘माँ ने बिगाड़ के रखा है’ हे वाक्य या भक्तीतूनच जन्माला येते. संशोधन आज निराळे सांगते. ही अवस्था बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्माच्या वेळचे कमी वजन यांनी तिची शक्यता वाढते. लाडाने ती होत नाही, साखर खाल्ल्याने होत नाही आणि माराने जात नाही. घरच्या वागण्याने मुलाचे दिवस सोपे वा अवघड होतात एवढे खरे, पण मूळ तेथे नसते. कथेतल्या एखाद्या सासूला हे ठाऊक नसेल तर हरकत नाही. कथालेखकाला मात्र ठाऊक हवे.

तेत्सुको कुरोयानागी यांची ‘तोत्तोचान’ आमच्या शोधाच्या सर्वांत जवळ येते. पहिलीतच शाळेतून काढलेली मुलगी. ती डेस्कचे झाकण पुनःपुन्हा उघडते-मिटते, खिडकीशी उभी राहून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारते. बाई आईला बोलावून सगळे सांगतात. आई दुसरी शाळा शोधते आणि मुलीला शाळेतून काढल्याचे ती विशीची होईपर्यंत कळू देत नाही. आईच्या या मौनात फिलिपच्या आईच्या मौनाहून किती अंतर आहे पाहा. ते हतबलतेचे मौन होते, हे राखणीचे आहे. नव्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी या मुलीचे बोलणे तासन् तास ऐकून घेतात. ते ऐकणे म्हणजे कोणत्याही चांगल्या तपासणीची पहिली पायरी होय. मात्र या पुस्तकातही आईची शोधाशोध थोडक्यात आटोपते आणि गोष्ट शाळेची होते. शिवाय ती शाळा सुमारे ५० मुलांची होती आणि १९४५ च्या बॉम्बवर्षावात जळून गेली. आमच्या भरगच्च वर्गांतल्या शिक्षिकेला कोबायाशी व्हा असे सांगणे सोपे आहे. तिच्यासमोरची मुले कोण कमी करणार?

२००७ साली ‘तारे जमीं पर’ आला आणि हा विषय घराघरांत गेला. त्यातल्या ईशानची अडचण वाचनाची, म्हणजे डिस्लेक्सियाची आहे. एडीएचडी आणि डिस्लेक्सिया या भिन्न गोष्टी असल्या तरी त्या पुष्कळदा एकाच मुलात सोबतीने आढळतात. चित्रपटाचे उपकार मोठे आहेत. ‘आळशी’ आणि ‘मठ्ठ’ या शब्दांची जरब त्याने मोडली. तरीही दोन गोष्टी आम्हांला खटकतात. पहिली म्हणजे चित्रकलेचे शिक्षक निकुंभ वह्या चाळतात आणि त्यांना सगळे उमगते. निदान येथे एका संवेदनशील माणसाला झालेला साक्षात्कार आहे. त्यात आई-वडिलांना काही शोधावे लागत नाही, त्यांना ते सांगितले जाते. पुढे एका प्रसंगी वडील शाळेत येऊन सांगतात की त्यांची पत्नी इंटरनेटवर या विषयाचे वाचन करते आहे. आम्हांला हवी होती ती बाई हीच! रात्री मुले झोपल्यावर पडद्याच्या उजेडात ती काय वाचत होती, कोणत्या ओळीवर थांबत होती, कुठे घाबरत होती, हे चित्रपट दाखवत नाही. तिचा सारा शोध नवऱ्याच्या तोंडच्या एका वाक्यात येतो, आणि तेही तो स्वतःच्या समर्थनासाठी बोलतो.

दुसरी गोष्ट शेवटाची. ईशान चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला येतो. डोळे भरून येतात. पण ज्या मुलाच्या बोटांत अशी कला नाही त्याचे काय? माणूस म्हणून मान मिळण्यासाठी त्याने आधी बक्षीस आणले पाहिजे का? गोट्यापासून ईशानपर्यंत हीच अट दडलेली आहे. मूल वेगळे चालेल, पण ते असामान्य निघाले पाहिजे.

आता पुस्तके बाजूला ठेवून त्या आईच्या वाटेने जरा चालू. ही वाटच पुढच्या कथेचा ऐवज आहे.

पहिले दार घरातलेच. ‘लडका है, लडके ऐसे ही होते हैं’ किंवा ‘इसका बाप भी ऐसाच था’. दुसऱ्या वाक्यात नकळत शास्त्र बोलून गेले आहे, पण त्याचा उपयोग प्रश्न बंद करण्यासाठी होतो. दुसरे दार मकतबचे. तेथे मुले डोलत डोलत सबक घेतात, म्हणजे शरीराला हलण्याची मुभा आहे. शाळेच्या बाकावर तीही नाही. एकच मूल मकतबमध्ये बरे आणि शाळेत वाईट का वाटते, याचा एक धागा येथे मिळू शकतो. तिसरे दार मशिदीचे. जुम्म्याच्या सफेतून धावणाऱ्या मुलावर सगळे वडीलधारे खेकसतात. हदीसच्या संग्रहात मात्र असे नोंदले आहे की प्रेषित सजद्यात असताना त्यांचा नातू पाठीवर चढला, तेव्हा त्याचे मन भरेपर्यंत त्यांनी सजदा लांबवला. खेकसणाऱ्यांना हे ठाऊक नसते असे नाही.

चौथे दार ताबीजचे आणि दर्ग्याचे. नजर लागली असेल, सावली पडली असेल. येथे उपहास करणारे लेखक आमच्यात पुष्कळ झाले. उपहासाने आई दवाखान्यात जात नाही, ती फक्त गप्प होते. गुजरातेतल्या उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून दवा आणि दुआ यांची सांगड घालणारा उपक्रम सुरू झाला आणि श्रद्धेने आलेल्यांना तेथेच मनोविकारतज्ज्ञ भेटू लागले. दुसरे टोक तमिळनाडूतल्या एरवाडीचे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथे एका खासगी निवाऱ्याला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले रुग्ण जळून गेले. आईने दुआ मागावी की नाही हा वाद नव्हे. दुआ मागणाऱ्या आईला दवेची वाट कोण दाखवतो, हा प्रश्न आहे.

पाचवे दार डॉक्टरांचे. येथे लेखकाने शिकण्यासारखे खूप आहे. या अवस्थेसाठी रक्ताची तपासणी नाही आणि मेंदूचा फोटो काढूनही निदान होत नाही. अमेरिकी निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे अवधानाची नऊ आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणे पाहतात. लहान मुलात यांपैकी एका गटातली निदान सहा लक्षणे किमान सहा महिने, वयाच्या मानाने जास्त, वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. म्हणजे फक्त शाळेत नव्हे किंवा फक्त घरी नव्हे. त्याने मुलाच्या जगण्यात खरोखर अडथळा येत असला पाहिजे. म्हणून चांगले डॉक्टर आईचे ऐकतात, वडिलांचे ऐकतात, शिक्षिकेकडून प्रश्नावली भरून आणवतात आणि घाई करीत नाहीत. कान, डोळे, झोप, रक्तातले लोह, फिटचा सौम्य प्रकार, घरातली मारझोड हे सगळे आधी पाहावे लागते, कारण यांपैकी कशानेही मूल बेचैन किंवा हरवलेले दिसू शकते.

आमच्या वाचकांसाठी यात आणखी एक गाठ आहे, ती भाषेची. घरात दखनी किंवा कोकणी, मकतबात अरबी-उर्दू, शाळेत मराठी किंवा इंग्रजी. वर्गातली भाषाच न कळणारे मूल खिडकीबाहेर पाहू लागते आणि त्याच्या नावापुढे ‘लक्ष नाही’ असा शेरा पडतो. उलट, ज्याला खरीच अडचण आहे त्याचे खापर ‘घरी उर्दू बोलतात’ या कारणावर फुटते. दोन्ही चुका सारख्याच महाग पडतात. वयाचेही तसेच. वर्गातल्या सर्वांत लहान मुलांना हे निदान जास्त प्रमाणात मिळते, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. साडेपाच वर्षांच्या मुलाचे पोरपण साडेसहाच्या मापाने मोजले की ते आजार दिसू लागते. आणि मुलींची तऱ्हा वेगळीच. ज्या मुलीचे फक्त अवधान निसटते ती कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिला कुणी दवाखान्यात नेत नाही. ती ‘सीधी है, थोडी कमजोर है’ एवढ्यावर दहावीच्या आधीच घरी बसते.

औषधाची भीती हा या आईचा सर्वांत मोठा घोर. सहा वर्षांखालील मुलांसाठी पहिला उपाय गोळीचा नसून आई-वडिलांच्या प्रशिक्षणाचा आहे, असे जगातली प्रमुख मार्गदर्शक सूत्रे सांगतात. छोट्या सूचना, ठरलेला दिनक्रम, चांगल्या वागण्याची तेथल्या तेथे दखल. सहानंतर गरजेप्रमाणे औषध दिले जाते. मिथाइलफेनिडेट हे त्यातले मुख्य. आपल्याकडे ते कडक नियमांखाली मिळते, त्यामुळे प्रत्येक दुकानात सापडत नाही. ते घेतल्याने मूल कायमचे बरे होते असेही नाही आणि ते घेणारे मूल वेडे असते असे तर मुळीच नाही.

सरकारी दार सहावे. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत ही अवस्था आहे. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर केंद्रे योजली आहेत. म्हणजे मोठ्या शहरातल्या महागड्या दवाखान्याखेरीज वाट नाही, असे नव्हे. मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. परिणामी मुलाला सवलतीची गरज असली तरी नुसत्या या निदानावर दिव्यांगत्वाचा दाखला मिळवणे कठीण जाते. दारोदार फिरून नाव मिळवलेल्या आईला शेवटी कळते की या नावाला कायद्याच्या यादीत ओळ नाही. याहून मोठे नाट्य लेखकाला कुठे शोधायचे आहे?

आता आमच्या घराकडे वळू. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आमच्या लेखकांनी तलाक, दंगल, दारिद्र्य, ओळखीचा प्रश्न आणि भाषेचा प्रश्न हे विषय हिमतीने हाताळले. ते गरजेचेच होते. पण या कथेत मूल येते ते बहुधा मोठ्यांच्या दुःखाचे साक्षीदार म्हणून. दंगलीत हरवलेले मूल, तलाकनंतर वाटून घेतलेले मूल, गॅरेजात पाना धरलेले मूल. मुलाचे स्वतःचे मन, त्याचे निसटणारे अवधान, त्याची रात्रीची बेचैनी हा विषय किरकोळ मानला गेला. तो किरकोळ नाही. सच्चर समितीने २००६ साली नोंदवले की ६ ते १४ वयोगटातली सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधून गळली. या गळतीची मोठी कारणे गरिबी आणि शाळांची दुरवस्था ही आहेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण जगभरातल्या पाहणीत शंभरांतल्या सुमारे पाच मुलांना ही अडचण असते. मग ‘पढाई में इसका दिल नहीं’ म्हणून दहाव्या वर्षी गॅरेजात बसवलेल्या मुलांत अशी किती असतील? त्यांचे मन नव्हते की त्यांचे अवधान टिकत नव्हते, हे कुणी विचारलेच नाही. श्रीमंताच्या घरी या मुलाला निदान मिळते, गरिबाच्या घरी पाना मिळतो. सामाजिक जाणिवेचे लेखन म्हणतो ते हेच नव्हे काय?

ही कथा लिहिणाऱ्याने तीन खड्डे टाळावेत असे आम्हांला वाटते. निदान म्हणजे शेवट असे दाखवू नये. नाव मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशीही मुलाची चप्पल हरवलेलीच असते. निदान म्हणजे डॉक्टरांचा धंदा असेही सरसकट दाखवू नये. घाईचे निदान असते, तसे उशिराचेही असते आणि आमच्या वस्त्यांत दुसरेच जास्त आहे. तिसरे म्हणजे मुलाला शेवटी बक्षीस देऊ नये. तो साधा राहू दे. साधा राहूनही त्याच्यावर माया करता येते, हे दाखवणे सर्वांत अवघड आहे आणि मराठी पुस्तकांनी ते अजून पुरेसे केलेले नाही.

निदान शोधणारी आई मुलावर शिक्का मारायला निघालेली नसते. शिक्के तर आधीच बसलेले असतात. बदमाश, नालायक, शैतान. त्या शिक्क्यांच्या जागी एक खरा शब्द मिळावा, म्हणजे पुढे काय करायचे ते कळेल, एवढीच तिची मागणी असते. खऱ्या शब्दासाठी चाललेली ही धडपड लेखकाला परकी का वाटावी? तिची कथा आमच्यातल्या एखाद्या लेखिकेने लिहावी, शक्य तर अशा मुलाच्या आईनेच लिहावी आणि ती याच पानांवर यावी, अशी आमची इच्छा आहे. फिलिपच्या आईला गप्प बसून आता पुष्कळ काळ झाला.